झाकलेली पट्टी

दादाने अंगठा पडद्यावर टेकवला, झटकन उजवीकडे सरकवला, परत सरकवला आणि मान जराशी कलती करून ऐकू लागला. एका कानात इअरफोन, दुसरा कान गिऱ्हाइकासाठी मोकळा. काउंटरच्या पलीकडे सुतारकाका कोपर टेकून उभे होते.

"तीन इंची बिजागरी. पितळी. जोडी."

"ऐकलं हो काका. पोपटाला शोधू दे."

"पोपट म्हणे! तुझे वडील नुसतं नाव काढलं की डब्यात हात घालायचे."

"त्यांना डोळे होते. माझ्याकडे पोपट आहे."

मागे कोपऱ्यातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसलेल्या धाकटीला तो डबा बसल्या जागेवरून दिसत होता. मागची भिंत, खिडकीजवळचा खण, अगदी तळाचा कप्पा. तिने खुर्ची मागे सरकवली. त्या आवाजासरशी दादा न वळता म्हणाला,

"बस तू. मी काढतो."

ती बसली. दादाचा अंगठा आणखी दोनदा हलला. मग तो वळला, डाव्या हाताची बोटं फळीच्या कडेवरून चालवत खिडकीपर्यंत गेला, वाकला आणि कप्पा ओढला. कागदात गुंडाळलेली जोडी त्याने काउंटरवर ठेवली. सुतारकाकांनी कागद सोडला, बिजागरी उघडून मिटून पाहिली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. चूक काढायची संधी हुकल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

दादाची नजर कडेकडून आत आत येत गेली होती. आधी बाजूने येणारी माणसं दिसेनात, मग पायाजवळची पायरी दिसेना, मग समोरचा चेहरा नळीतून पाहिल्यासारखा दिसू लागला, आणि गेल्या वर्षापासून दुकानाचं दार उघडं आहे की बंद, एवढंच त्याला उजेडावरून कळायचं. वडिलांच्या मागे दुकान त्यानेच चालवलं होतं, धाकटीला शिकवलंही त्यानेच. ती विज्ञान शिकली, मग मोबाइलची अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत लागली आणि घरूनच काम करू लागली. घरून म्हणजे दुकानातून. डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला कोणीतरी हवं होतं.

हे अ‍ॅप तिने दादासाठी केलं होतं. दुकान जसं होतं तसंच ते तिने मांडलं. आधी भिंत निवडायची, भिंतीत खण, खणात कप्पा, कप्प्यात डबा. एका पडद्याच्या पोटात दुसरा, दुसऱ्याच्या पोटात तिसरा. प्रत्येकाच्या डोक्यावर एक पट्टी. तिच्यावर मागे जायचं बटण आणि आपण कुठे आहोत त्या जागेचं नाव. फोनमधली बोलून दाखवणारी सोय हे सगळं वाचायची. तिलाच दादाने पोपट असं नाव ठेवलं होतं. पोपटाचा वेग त्याने इतका वाढवला होता की इअरफोन काढून ठेवला तर त्यातून पत्र्यावर गारा पडल्यासारखा तडतडाट ऐकू यायचा. शब्द एकही कळत नसे.

"तुला खरंच समजतं यातलं?" तिने सुरुवातीला विचारलं होतं.

"तू लहानपणी बोलायचीस तसं बोलतो तो. माझी प्रॅक्टिस आहे."

सुतारकाका गेले. दादाने उरलेला कागद घडी घालून गल्ल्याशेजारी ठेवला. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. रस्त्यावरून एक हातगाडी खडखडत गेली. धाकटीने लॅपटॉप मिटला. आत्ता, असं तिने मनाशी म्हटलं.

"दादा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

तो सगळा तिच्याकडे वळला. नजर नव्हती तरी तो बोलणाऱ्याकडे तोंड करून ऐकायचा. इतकं पूर्ण ऐकणारं तोंड समोर असलं की बोलणं अवघड व्हायचं.

"ते... मोठे वॉशर संपत आलेत."

"एवढंच?"

"एवढंच."

"बरं. मागवू," असं म्हणून तो हिशेबाच्या खुर्चीत बसला.

गेल्या महिन्यात दुसऱ्या एका कंपनीतून तिला फोन आला होता. काम तिच्या मनासारखं होतं. दृष्टी नसलेल्या, हात न चालणाऱ्या माणसांना फोन कसा वापरता येईल, याचाच शोध घेणारा एक लहानसा गट, आणि त्यात तिला जागा होती. फक्त त्या कंपनीचं शहर विमानाने जावं लागेल इतकं लांब होतं आणि तिथे जाऊन राहणं भाग होतं. फोनवर बोलताना तिच्या तोंडून 'हो' निघता निघता राहिलं होतं. विचार करून कळवते, असं ती म्हणाली. आता सोमवारपर्यंत कळवायचं होतं. विचार तर पहिल्याच मिनिटात झाला होता. राहिलं होतं ते दादाला सांगायचं. त्याआधी हे अ‍ॅप इतकं पक्कं करायचं की तिच्यावाचून त्याचं कुठेच अडू नये. मग सांगणं सोपं जाईल, असा तिचा हिशेब. अ‍ॅप पक्कं होत आलं, सांगणं मात्र होतं तिथेच.

त्यात हल्ली दादाचं वागणंही तिला समजेनासं झालं होतं. तो तिला कशाला हातच लावू देईना. डबा काढायला ती उठली की 'बस तू'. चहा ठेवायला गेली की 'ठेवलाय'. बाजारात सोबत निघाली की काठी उचलून 'रस्ता पाठ आहे मला' म्हणून हा एकटा पुढे. एकदा तर तो स्वतःच्या शर्टाला बटण लावत बसला होता. बोट दोनदा टोचून घेतलं, पण सुई तिच्या हातात दिली नाही. तिने हे सगळं मुकाट्याने पाहिलं, आणि खरं सांगायचं तर तिला ते लागलं. त्याचं आपल्यावाचून अडू नये म्हणून ती दिवसरात्र झटत होती, आणि ते खरोखरच अडेनासं झालं तेव्हा तिचंच अडायला लागलं होतं.

अ‍ॅपमध्ये एकच गोष्ट तिला सलत होती. दादाच बोलता बोलता म्हणाला होता, की प्रत्येक पडद्यावर पोपट आधी काहीतरी एक जास्तीचं बोलतो.

"जास्तीचं म्हणजे काय? मागेचं बटण दोनदा वाचतो का?"

"तसंच काहीतरी."

"मग आजच काढते ते. दोन पट्ट्या एकावर एक आल्या असणार."

"राहू दे गं. माझं काही अडत नाही त्याने."

"चूक आहे ती, दादा."

"असू दे ना एखादी," तो म्हणाला आणि उठून गेला.

दोन पट्ट्यांचा तिढा तिला ठाऊक होता. सगळे पडदे ज्या मोठ्या चौकटीत बसवले होते त्या चौकटीला स्वतःची एक पट्टी होती, आणि आतल्या प्रत्येक पडद्याला आपापली. सुरुवातीला दोन्ही एकाखाली एक दिसायच्या आणि अर्धा पडदा खाऊन टाकायच्या. तेव्हा तिने आतली पट्टी वर सरकवून बाहेरचीवर बसवली. दिसायला एकच राहिली. दिसतं त्याच्याखाली काय आहे ते पुन्हा तपासायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं होतं. चूक माहीत असून ती तशीच ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. प्रयोगशाळेत तिने एकच शिस्त अंगी बाणवली होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी ती स्वतः अनुभवायची.

दुपारी जेवणं झाली. शटर अर्धं ओढून दादा मागच्या खोलीत पाठ टेकायला गेला. त्याचा फोन काउंटरवर राहिला होता. धाकटीने तो उचलला. पडदा काळा होता. दादाला चित्र नको असल्याने तो पडदा विझवूनच ठेवायचा, बॅटरी वाचते म्हणून. तिने तो उजळवला नाही. दादा वापरतो तसाच वापरून पाहायचा, असं ठरवून तिने इअरफोन कानात घातला आणि अंगठा टेकवला.

गारा कोसळल्या. तिला हसू आलं. तिने पोपटाचा वेग कमी केला, अजून कमी केला. शेवटी शब्द एकेकटे चालायला लागले. काळ्या काचेवर अंगठा सरकवत तिने मागची भिंत गाठली आणि आत शिरली.

"दादाला सोडून जायचंय हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू. शीर्षक," इअरफोनमधला सपाट आवाज म्हणाला.

तिचा अंगठा तिथेच राहिला. थोड्या वेळाने तो आपोआप पुढे सरकला.

"मागे. बटण. मागची भिंत. शीर्षक."

तिला आठवलं. तो फोन आला त्याच संध्याकाळी ती बाहेरच्या चौकटीची पट्टी करत होती. नाव फार लांब असलं तर ते मोडतं की कडेला कापलं जातं, हे बघायला एखादं लांबलचक नाव हवं होतं. अशा ठिकाणी काहीही टाकतात. कोणी एकच अक्षर दाबून धरतं, कोणी पाढे लिहितं. तिच्या बोटांनी त्या क्षणी मनात जे होतं ते लिहिलं. पडद्यावर 'दादाला सोडून' एवढंच मावलं होतं, पुढे तीन टिंबं. कापलं जातं, ठीक आहे, असं म्हणून ती पुढच्या कामाला लागली होती. नंतर त्याच्यावर आतली पट्टी येऊन बसली, आणि डोळ्यांना ते कायमचं दिसेनासं झालं.

पोपटाला झाकलेलं आणि उघडं यातला फरक कळत नव्हता. तीन टिंबंही कळत नव्हती. तो पूर्ण वाक्य वाचत होता.

ती खिडकीजवळच्या खणात गेली. "दादाला सोडून जायचंय हे त्याला," पोपटाने सुरुवात केली. तळाच्या कप्प्यात गेली, तिथेही तेच. पितळी बिजागऱ्यांच्या डब्यात, तिथेही. सगळे पडदे त्याच चौकटीत राहत होते, मग दुसरं काय होणार? सकाळी सुतारकाका कोपर टेकून उभे असताना दादाने मान कलती करून जे ऐकलं, ते हेच. पायरीपायरीला ऐकलं आणि मग वाकून त्यांना बिजागरी काढून दिली.

तिला त्याचं 'एवढंच?' आठवलं. शर्टाचं बटण आठवलं.

मागच्या खोलीत चपला सरकल्या. भिंतीला हात लावत दादा बाहेर आला, रोजच्यासारखा काउंटरपाशी थांबला आणि फोन ठेवायच्या जागेवर हात फिरवला. जागा रिकामी होती. त्याचा तळहात तिथेच पालथा राहिला.

"फोन तुझ्याकडे आहे?"

"हो."

"इअरफोन?"

"कानात आहे."

दादाने पायाने स्टूल चाचपलं आणि बसला.

"काही समजलं का? फार भरभर बोलतो तो."

"हळू करून ऐकला."

अर्ध्या शटरखालून कोणाचे तरी पाय गेले. धाकटीने इअरफोन काढून काउंटरवर ठेवला. त्याच्याजवळ जाऊन ती उभी राहिली. तो तिच्याकडे तोंड करून, नेहमीसारखा सगळाच्या सगळा, थांबला होता.

"दादा, मला दुसरीकडे नोकरी मिळते आहे. खूप लांब." ती थांबली. वाक्य अजून पुरं झालेलं नव्हतं, हे तिला माहीत होतं. "आणि मला जायचंय."

"हं," दादा म्हणाला. मग त्याने खांदे सैल सोडले, ते इतके दिवस आवळलेले होते हे तिला ते सुटल्यावर दिसलं. "आता कसं."

"तू इतके दिवस ऐकत होतास? आणि एका शब्दाने बोलला नाहीस?"

"तू तोंड शोधत होतीस. म्हटलं, सापडू दे."

ती हसली. हसता हसता तिला नाक पुसावं लागलं. दादाने खिशातून रुमाल काढून हवेत धरला, तिच्या तोंडापासून बराच बाजूला. तिने तो घेतला.

"पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा?"

"पहिल्यांदा वाटलं, माझाच कान चुकला." त्याने काउंटरवरचा एक सुटा स्क्रू उचलला आणि बोटात फिरवू लागला. "मग दुसऱ्या भिंतीवर गेलो. तिथे तेच. वॉशरच्या डब्यात गेलो, तिथेही तेच. म्हटलं, सगळीकडेच आहे म्हणजे कान बरोबर आहे. त्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून दुकान लवकर बंद केलं होतं बघ."

"मी बाम लावून दिला होता."

"हो. चांगला होता बाम."

स्क्रूचा आटा त्याच्या अंगठ्याखाली फिरत राहिला.

"मग रोज सकाळी शटर वर केलं की आधी तेच ऐकायचो," दादा म्हणाला. "बदललंय का ते."

"म्हणून काढू देत नव्हतास?"

"काढलं असतंस तर मला कसं कळलं असतं?"

"आणि बदललं असतं तर? काय ऐकायचं होतं तुला?"

दादाने स्क्रू जागेवर ठेवला. तो गडगडू नये म्हणून त्याच्यावर बोट धरून ठेवलं.

"ते नको विचारूस," तो म्हणाला. नंतर आवाज बदलून, दुकानातल्या आवाजात, "त्या लोकांना कळवलंस का?"

"सोमवारपर्यंत कळवायचंय."

"आजच कळव. माणसांना ताटकळत ठेवू नये. आणि खोली बघशील ती उजेडाची बघ. उगीच पैसे वाचवत बसशील."

"तुझं काय, दादा?"

"माझं काय? शर्टाला बटण लावतो मी आता."

"उलटं लावलंयस."

"खरं की काय?" त्याने छातीवर हात फिरवला. "मग चार दिवस सांगितलं नाहीस ते?"

"मीही तोंड शोधत होते," ती म्हणाली, आणि या वेळी दादाही मोकळेपणी हसला.

तिने फोन लॅपटॉपला जोडला. चौकटीच्या पट्टीतलं ते वाक्य शोधायला वेळ लागला नाही. पूर्ण वाक्य, एकाच ओळीत. तिने ते एकदा मनातल्या मनात वाचलं आणि पुसून टाकलं. झाकलेली पट्टीही काढली. दुसऱ्या कशालाही हात लावला नाही. पोपटाचा वेग पूर्वीइतका वाढवून तिने फोन दादाच्या हातात दिला आणि शटर वर केलं.

जरा वेळाने पलीकडच्या शाळेतल्या बाई आल्या. घाईत होत्या. न्हाणीघराच्या दाराची कडी तुटली होती, त्यांना तशीच हवी होती, मध्यम, लोखंडी.

"देतो बाई," दादाने इअरफोन कानात घातला. अंगठा सवयीने झपाझप सरकला. भिंत, खण, कप्पा. तो वळला, फळीच्या कडेवरून बोटं चालवत गेला, एक कप्पा ओढला आणि आत हात घातला. हात आतच थांबला. कप्प्यात खिडकीच्या पडद्यांच्या खुंट्या होत्या. कड्या एक कप्पा अलीकडे होत्या.

धाकटीला ते तिच्या टेबलावरून स्वच्छ दिसत होतं. खुर्चीच्या कडा तिने दोन्ही हातांनी धरल्या.

"नाही का सापडत?" बाई म्हणाल्या.

"सापडेल हो." दादा काउंटरकडे परत आला. "अंगठा अजून जुन्याच चालीने चालतोय. दर पडद्यावर एक वाक्य ओलांडून जायची सवय लागली होती त्याला."

बाईंना काही उमगलं नाही. त्यांनी धाकटीकडे पाहिलं. तिचा हात लॅपटॉपकडे गेला आणि मागे आला. परत पट्टी घालून द्यायला तिला दोन मिनिटं पुरली असती. रिकामी पट्टी, नुसती ओलांडायला.

दादाने कप्पा जागेवर ढकलला होता. आता तो काउंटरपाशी उभा राहून पुन्हा पहिल्यापासून निघाला, या वेळी सावकाश. दर पडद्यावर त्याचा अंगठा क्षणभर हवेत थांबत होता.

तो कोणता कप्पा ओढतो ते आपल्याला दिसू नये म्हणून तिने डोळे मिटले. बोटं फळीवरून सरकत गेल्याचं तिला ऐकू आलं. बोटं थांबली, थोडी मागे आली. कप्पा ओढला गेला. लोखंडावर लोखंड वाजलं. मग काउंटरवर काहीतरी टेकलं, आणि बाई काय म्हणतात ते ऐकू येईपर्यंत तिने डोळे उघडले नाहीत.